युद्धनौका परतवली, छप्पर कोण उतरवणार?

नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांना आमचा एकच सवाल आहे : तुमच्या हद्दीत जुने घर पाडले जाते तेव्हा त्याच्या छपरावरचा सिमेंटचा पत्रा कुठे जातो? या सवालाचे उत्तर फायलीत शोधू नका. कोणत्याही जुन्या वस्तीत घर पाडायला काढले की तिथे अर्धा तास उभे राहा, उत्तर आपोआप मिळेल.

नाक्यावरून रोजंदारीवर आणलेला गडी शिडी लावून वर चढतो. तीस वर्षांच्या पावसाने गंजलेले हूक पान्याला दाद देत नाहीत. मग हातोडा निघतो. दोन घावांत पत्रा फुटतो, तुकडे वरूनच खाली भिरकावले जातात आणि अंगणभर करडा धुरळा उठतो. मालकीणबाई नाकाला पदर लावून तोच धुरळा कोरड्या केरसुणीने लोटतात. दोन-चार बरे तुकडे खुराड्याच्या आडोशाला ठेवले जातात. बाकीचे घमेल्याने ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून नाल्याच्या काठी. काम फत्ते! गड्याला हजेरी मिळते, मालकाला मोकळी जागा मिळते, आणि दोघांच्या छातीत काय गेले याची दाद ना फिर्याद.

काय गेले ते आम्ही सांगतो. या पत्र्यात सिमेंटबरोबर साधारण शेकडा आठ-दहा भाग अ‍ॅस्बेस्टॉस असते. हे खनिज केसाहूनही कितीतरी बारीक तंतूंत सुटते. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि एकदा फुप्फुसात रुतले की ते सहजी निघत नाहीत. त्यातून अ‍ॅस्बेस्टॉसिस हा फुप्फुसाचा रोग होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि छातीच्या अस्तराचा मेसोथेलिओमा नावाचा जीवघेणा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे झाडून सगळे प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत, आणि ज्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसला कारखानदार निरुपद्रवी म्हणतात तेही त्यात आले. कामाच्या ठिकाणी हे तंतू छातीत गेल्याने जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात. रोग उमटायला वीस ते चाळीस वर्षे लागतात आणि नेमके हेच सगळ्यांच्या पथ्यावर पडते. आज हातोडा चालवणारा गडी उतारवयात धापा टाकू लागेल तेव्हा ठेकेदार हयात नसेल, अधिकारी निवृत्त झालेला असेल, आणि दवाखान्यात क्षयाचा संशय घेऊन सगळे मोकळे होतील.

कोणी म्हणेल, सरकारला हे ठाऊक नाही. चूक! सरकारला सगळे ठाऊक आहे. 2005 सालच्या अखेरीस फ्रान्सची ‘क्लेमेन्सो’ ही विमानवाहू युद्धनौका गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत काढण्यासाठी निघाली होती. तिच्या पोटात अ‍ॅस्बेस्टॉस होते. देशभर गदारोळ झाला, फेब्रुवारी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला भारताच्या हद्दीत शिरायला मनाई केली, आणि फ्रान्सचे अध्यक्ष जॅक शिराक यांना ती माघारी बोलवावी लागली. पुढे ती ब्रिटनमध्ये, बंदिस्त व्यवस्थेत, सुटी करण्यात आली. ते योग्यच झाले. पण जे अ‍ॅस्बेस्टॉस अलंगच्या मजुराला घातक, ते लातूरच्या मजुराला पौष्टिक आहे काय?

याहून मोठा दुटप्पीपणा ऐका. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस परदेशातून आणायला बंदी आहे, पण कोरे अ‍ॅस्बेस्टॉस रशिया-कझाकस्तानातून राजरोस येते आणि त्याचे पत्रे बनतात. टाकाऊ आले तर गुन्हा आणि ताजे आले तर व्यापार! साठाहून अधिक देशांनी या वस्तूला हद्दपार केले. स्वतः तिच्या खाणी चालवणाऱ्या ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2017 मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे मात्र ‘गरिबाचे स्वस्त छप्पर’ ही ढाल पुढे केली जाते. गरिबाचा एवढा कळवळा असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर-सिमेंटचे पत्रे आणि रंगीत धातूचे पत्रे बाजारात आहेत, ते त्याला परवडतील असे करा. छप्पर स्वस्त देऊन फुप्फुस वसूल करणे याला कळवळा म्हणत नाहीत.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्क असून त्याच्या प्रकृतीची नोंद कामावर लागल्यापासून चाळीस वर्षे जपली पाहिजे, असे त्यात बजावले आहे. पण ते सारे कारखान्याच्या फाटकाच्या आत. पत्रा फाटकाबाहेर पडला की कायद्याची दृष्टी जाते. ज्याच्या हातून तो शेवटी फुटतो, त्या नाक्यावरच्या गड्याची नोंद चाळीस दिवसही कोणी ठेवत नाही.

घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्याची यादी दिली. त्यात रंगाचे डबे होते, ट्यूबलाइट होती, फुटका थर्मामीटर होता, मुदत संपलेली औषधे होती. सिमेंटचा पत्रा नव्हता! असा कचरा घेण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र उभारा, असेही त्या नियमांनी सांगितले होते. ती केंद्रे आमच्या दोन्ही शहरांत कोणत्या चौकात आहेत, हे आयुक्तांनी जाहीर सभेत सांगावे.

मराठवाड्याला छपराची भीती नवी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले, हजारो जीव गेले. तेव्हापासून डोक्यावर हलके छप्पर हवे हे इथल्या माणसाच्या मनाने घेतले, आणि पत्रा घरोघर पोहोचला. टिनाचा पोहोचला तसा सिमेंटचाही. आज तीच छपरे म्हातारी झाली आहेत. 2014 च्या गारपिटीने मराठवाडा झोडपला, आणि दरसालच्या वळवाचे वारे उरलेल्या छपरांना तडे देते. शिवाय घरकुल योजनेत जुने घर पाडून नवे उभे राहते. भूकंपानंतर याच शासनाने गवंड्यांना घर कसे बांधावे हे शिकवले होते. मग छप्पर कसे उतरवावे हे शिकवायला कोणाची आडकाठी आहे?

आमचे म्हणणे उद्याच सगळे पत्रे काढा असे नाही. धड, न तडकलेला पत्रा जागच्या जागी असताना फारसे नुकसान करत नाही. उलट घाईने काढणेच धोक्याचे. त्याला ड्रिल मारू नका, ग्राइंडर लावू नका, उन्हाळ्यात चुना मारण्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडू नका. काढायचाच असेल तर साबणाच्या पाण्याने भिजवा, हूक कापून पत्रा अखंड उतरवा, वरून फेकू नका. त्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाका, कारण जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. रुमाल बिनकामाचा आहे. पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा, तोंडावर घट्ट बसणारा मास्क लागतो. मुलांना दूर पाठवा, जागा ओल्या फडक्याने पुसा, कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी बांधा आणि वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ असे ठळक लिहा. नवा पत्रा घेताना त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नाही हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

पण बांधलेले गाठोडे न्यायचे कुठे? नागरिकाचे कर्तव्य इथे संपते आणि सरकारचे सुरू होते. म्हणून आमच्या मागण्या ऐका. घर पाडण्याच्या परवान्यात पत्रा अखंड उतरवण्याची अट घाला आणि ती मोडणाऱ्या ठेकेदाराला दंड करा. दोन्ही शहरांत पत्रे स्वीकारणारे केंद्र उघडा आणि तिथून ते घातक कचऱ्याच्या अधिकृत भूमीपर्यंत पालिकेच्या खर्चाने न्या. घरकुलाच्या हप्त्यासाठी बांधकामाचे फोटो घेता, तसा छप्पर उतरवल्याचाही एक घ्या आणि त्या कामाचे पैसे वेगळे द्या. जिल्हा परिषदेने शाळा आणि अंगणवाड्यांवरील पत्र्यांची यादी गावागावात लावावी आणि सुट्टीतच ते बदलावेत. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी छातीच्या प्रत्येक रुग्णाला ‘काम काय करत होता?’ हा प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवावे. ज्या लातूरला डॉक्टर घडवल्याचा एवढा अभिमान आहे, तिथे हा एक प्रश्न विचारायला जड का जावे? आणि दिल्लीने या विषाची आयात कायमची बंद करावी.

यातली एकही मागणी आकाशातला चंद्र नाही. परवान्याची अट तर आयुक्तांच्या एका आदेशाने उद्या सकाळी लागू होऊ शकते. ती लागू झाली नाही, तर यापुढे फुटणारा प्रत्येक पत्रा अज्ञानापोटी नव्हे, सरकारी परवान्याने फुटला असे आम्ही समजू, तसेच छापू आणि तो परवाना देणाऱ्याचे नावही छापू!