टॉवर नको, पण उशाखाली फोन?

गल्लीत मोबाइलचा टॉवर येणार म्हणताच आम्ही श्राविका मंडळातल्या साऱ्याजणी सह्या करायला धावलो. ‘मेंदूत गाठ होते म्हणे!’ सही करून घरी आले, तर लेक फोन कानाशी घेऊन झोपलेली. माझा तरी कुठे असतो? उशाखालीच!

बायांनो, लहरींचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. टॉवर लांब, फोन कानाला. शिवाय टॉवर दूर गेला, की रेंज धरायला फोनच जास्त जोर लावतो. मग आपण नक्की काय हाकललं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले; सिद्ध झाले, असे नव्हे. २०२४च्या मोठ्या आढाव्यातही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. गाठीचा बाऊ पुरे. झोप मात्र रोज उडते, आणि मेंदूला विसावा झोपेतच मिळतो.

आपण पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो. मग रात्रीच्या फोनचा त्याग एवढा जड का? माझा फोन आता स्वयंपाकघरात झोपतो. तुमचा?