वाचवलेली फी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मी अठरा वर्षे वर्गात समजावून देत आलो. मला स्वतःला ती समजली घर बांधल्यावर!

आर्किटेक्टची फी म्हणजे कागदावरच्या चार रेघांचे पैसे, असा माझा हिशेब. त्यात मिस्त्री म्हणाले, “सर, अशी पन्नास घरं उठवलीत आम्ही.” मग काय, मंजुरीपुरता नकाशा कुणाकडून तरी काढवून घेतला आणि फी वाचवली.

घर उभे राहिले. पण जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच निघाली. उंचीचा भागाकार आधी कुणी केलाच नव्हता, सगळी बाकी त्या पायरीत गेली. एकदा वाळवण घेऊन चढताना आई तिथे अडखळून पडली. हाड वाचले; पण तेव्हापासून ती गच्चीवर गेली नाही. “आता काय ठेवलंय रे वर?” म्हणायची.

यंदा जिना पाडायचे ठरले आणि एका नोंदणीकृत आर्किटेक्ट बाईंना बोलावले. टेप काढण्यापूर्वी त्यांनी आईला विचारले, “आजी, चढताना कोणत्या हाताने आधार घेता?” घर बांधताना हे कुणीच विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

१९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असल्याखेरीज कुणाला स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. मात्र हे संरक्षण नावाला आहे, कामाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. म्हणजे पारख गिऱ्हाइकानेच करायची! तेव्हा वाचकहो, ‘सी. ए.’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहीत तो पडताळता येतो, आणि गैरवर्तनाची तक्रारही तिथे करता येते. फी द्यायची ती रेघांबद्दल नव्हे. बांधण्याआधी विचारल्याबद्दल आणि कंत्राटदाराचे बिल चुकते होण्याआधी काम तपासल्याबद्दल.

जिन्याच्या पाडकामात आणि नव्या बांधकामात वाचवलेली फी केव्हाच संपली. परवा चकलीच्या भाजणीच्या डाळी वाळत घालायला आई आपण होऊन गच्चीवर गेली. मी खाली उभा राहून पायऱ्या मोजत होतो. ती मोजत नव्हती.