पोटखराब जमीन आणि माळावरचे पक्षी

महसुली कारकुनींत आमचीं बरींच वर्षें गेलीं. त्या काळांत ‘पोटखराब’ हा शब्द आमच्या लेखणींतून किती वेळां उतरला असेल, याची गणती नाहीं. जींत पीक होत नाहीं व जिच्यावर आकार बसत नाहीं, ती जमीन कोणाच्याच उपयोगाची नव्हे, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती, हें आज कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे. त्याच माळावर तितर, लावा, टिटवी व चंडोल हे पक्षी भुईवर अंडीं घालतात, आणि त्यांचीं पिलें टोळ व अळ्या खाऊन वाढतात.

पक्षी राखण्यासाठीं काय करावें असें विचारलें कीं, मोठें अभयारण्य करावें, असें उत्तर येतें. केवळ विस्तार पुरत नाहीं, याचा दाखला सोलापुराकडे आहे. माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर होतें. आपला सबंध बुलढाणा जिल्हा सुमारें ९,६०० भरतो, यावरून अजमास व्हावा. त्या हद्दींत गांवें, रस्ते व खातेदारांचीं शेतें, सर्व आलें. जमिनीच्या खरेदी-विक्रीस व बांधकामास अडचण पडली, आणि ज्याच्या माळावर पक्षी रहात होता तो शेतकरीच त्यावर रुसला. पुढें क्षेत्र घटवून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर ठेवण्यांत आलें. परंतु खरी हानि हद्दीच्या रेषेनें झाली नाहीं, ती आंतील माळ पालटल्यानें झाली. पाणी पोहोंचलें तेथें ऊस उभा राहिला. कांहीं गवताळ जागीं झाडें लावलीं गेलीं. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर; तिला दूरवर नजर पोहोंचेल असें रान लागतें. आज महाराष्ट्रांतून हा पक्षी जवळजवळ नाहींसा झाला आहे. देशांत दीडशेंच्या आसपास उरले असावेत, व ते बहुतेक राजस्थानांत.

मग लहानसा तुकडा पुरेल काय? हिशेब करून पाहूं. समजा, कुत्रीं, कावळे व माणसें यांची वर्दळ कडेपासून १०० मीटर आंत पोहोंचते. ५०० मीटर लांब व तितक्याच रुंद, म्हणजे २५ हेक्टरांच्या चौरसांत मधले ९ हेक्टर निवांत राहतात. तेच २५ हेक्टर १०० मीटर रुंदीच्या पट्टींत असले, तर निवांत जागा गुंठाभरहि उरत नाहीं. म्हणून जमीन किती याबरोबरच ती सलग आहे काय, व तींत गवत आहे काय, हेंहि पाहिलें पाहिजे.

आमच्या जानेफळाकडे काय किंवा साऱ्या वऱ्हाडांत काय, अशी जमीन म्हणजे ई-वर्गाची. तिच्यावर हल्लीं दोघांची नजर आहे: अतिक्रमण करून सोयाबीन पेरणारांची, व सद्‌हेतूनें झाडें लावणारांची. दुसऱ्यांस आमची विनंति कीं, झाडें बांधावर, रस्त्याच्या कडेस व ओढ्याकांठीं अवश्य लावावीं. माळावर तीं कावळ्यांस टेहळणीची जागा होतात. शेजारच्या अकोला व वाशीम जिल्ह्यांत पावसाळ्यांत तणमोर हा अति दुर्मिळ पक्षी आढळला आहे. तोहि गवताचाच रहिवासी.

कोणी म्हणेल, गुरांनीं खावें काय? आमचें म्हणणें माळ सारा बंद करा असें नाहीं. ग्रामसभेनें ठराव करून मधला एक सलग भाग पावसाळ्यापुरता चराईस बंद ठेवावा, आणि दिवाळीनंतर गवत कापून वांटून घ्यावें. तोंपर्यंत पिलें उडालेलीं असतात, बींहि जमिनींत पडलेलें असतें, म्हणजे पुढील सालच्या चाऱ्याचीहि तजवीज होते. शेतांत काम करतांना टिटवीचीं अंडीं दिसलीं तर तेवढी जागा सोडून वखर फिरवावा. त्यानें कोणाचें खळें रितें रहात नाहीं.

सरकार अभयारण्य करील तेव्हां करो. गांवाचा माळ राखणें गांवाच्या हातीं आहे. पोटखराब म्हणून आम्हीं जिची नोंद केली, ती जमीन अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. ती जाण्यापूर्वीं ठराव व्हावा, इतकेंच आमचें मागणें आहे.