तो खांब पाडू नका



जुन्या फ्लॅटमधला ‘नकाशात नसलेला’ खांब खुशाल पाडा, हा आपल्या वाचकाचा सल्ला धडकी भरवणारा आहे. आधीच्या मालकाने भिंत काढली, वरचा बीम वाकला, म्हणून मागाहून दिलेला तो टेकू असेल तर? वर गिलावा-रंग चढला की सगळे खांब सारखेच! आधी ठोकून पाहा. पोकळ वाजला तर आत सांडपाण्याचा पाइपही निघू शकेल. भरीव वाजला तर खालच्या मजल्यावर जा. तिथे त्याच जागी खांब नसेल, तर त्याचा भार स्लॅबवर किंवा बीमवर येत असू शकतो. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींना तो बंधनकारकच आहे. असा फ्लॅट विकत घेत असाल, तर एजंटच्या ‘शोभेसाठी आहे हो’वर विसार देऊ नका.

– एक वाचक, दादर