४३ फूट म्हणजे आपल्या दारात किती?

पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. राजाराम बंधाऱ्यावरचे हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पावसानं झड धरली की दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "किती फूट झालं?" पण त्या आकड्याचा आपल्या उंबऱ्याशी काय संबंध, हे सरकारी निवेदनात कधीच नसतं.

४३ फूट ही नदीची खोली नव्हे आणि रस्त्यावरचं पाणीही नव्हे. बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीच्या शून्यापासून पाणी किती चढलं, एवढंच तो आकडा सांगतो. प्रत्येक पट्टीचा शून्य वेगळा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर असतो, म्हणून तिथल्या आणि इथल्या फुटांची तुलना करण्यात अर्थ नाही. शहरातही एकाच आकड्याचा अर्थ जागोजागी वेगळा. सुतारवाड्यातली माणसं सामान बांधून निघतात, तेव्हा उंचावरच्या पेठांत बाजार सुरू असतो.

आमच्या गल्लीत शेजारच्या काकांनी जिन्याखालच्या भिंतीवर तैलरंगानं रेघा मारल्यात. खालची रेघ पहिल्या पायरीला पाणी लागतं तेव्हाची, वरची २०१९ च्या महापुरातल्या गाळाची. ती माझ्या खांद्याला येते. प्रत्येक रेघेपुढं बंधाऱ्यावरचा तेव्हाचा आकडा लिहिलाय. पाणी खालच्या आकड्याच्या जवळ आलं की काका हाक मारतात, "पोरी, कागदपत्रं वर घे, गाडी चढावर लाव."

२०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. २००५ च्या पुराच्या खुणेपलीकडं पाणी येणार नाही, या भरवशावर कितीतरी कुटुंबं घरात थांबली आणि अडकली. जुनी खूण उपयोगाची आहे, पण नदी तिथंच थांबेल याची ती हमी नव्हे. म्हणून निवेदनात पातळीबरोबर पाणी तासाला किती इंच चढतंय, हेही आलं पाहिजे.

महापालिकेनं पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गल्लीत खांबावर खूण रंगवावी आणि राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर पाणी तिथं पोचतं, ते शेजारी लिहावं. काम पावसाळ्याआधी उरकण्यासारखं आहे. त्याला रंगाचा डबा आणि जुन्या नोंदी पुरतात. तोवर घरातल्या जाणत्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं, आणि यंदा मृगाआधी आपल्या भिंतीवर रेघ मारून ठेवा.