ऑक्सिमीटरची रात्रपाळी

कोविडच्या काळात घरोघरी शिरलेल्या वस्तूंपैकी सॅनिटायझरच्या बाटल्या कधीच रिकाम्या झाल्या, वाफेची यंत्रे माळ्यावर गेली. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र औषधांच्या डब्यात टिकून राहिला. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके तो घेऊन दारोदार फिरली आणि ‘ऑक्सिजन किती आहे?’ हा प्रश्न ‘ताप किती आहे?’ इतकाच घरगुती झाला. पुढे केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत या यंत्रावरच्या व्यापारी नफ्याला मर्यादाही घातली. तेच यंत्र आता रात्रपाळीला जुंपले जाते आहे. नवरा मोठ्याने घोरतो, मध्येच एकदम शांत होतो, मग गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेतो. बायको त्याच्या बोटाला चिमटा लावते आणि अंधारात आकडा न्याहाळत बसते. ‘स्लीप अ‍ॅप्निया’ हा शब्द तोवर तिने ऐकलेला असतो.

आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय, नाहीतर कौतुकाचा. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, दिवसभर राबतो बिचारा, अशी समजूत. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, छाती धडपडत राहते पण हवा आत जात नाही. असे किमान १० सेकंद झाले की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. मेंदू माणसाला क्षणभर जागे करून सुटका करतो आणि सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. तासाला अशा पाचपेक्षा कमी घटना असतील तर ते सामान्य मानतात, ३० किंवा त्याहून अधिक असतील तर आजार गंभीर. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाने १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचा बिघाड होता आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा झोपही अनावर होत होती. हे धडधाकट समजले जाणारे लोक होते. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले आणि काही दिवस वर्तमानपत्रांत त्यावर मजकूर आला. मग विषय मागे पडला.

रीतसर तपासणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, आणि अशा सरंजामात परक्या खाटेवर झोपायचे. ही सोय मोठ्या शहरांत सहज मिळते, खर्च हजारांत जातो. तालुक्याच्या गावातल्या एसटी चालकाने त्यासाठी रजा टाकून, सोबत माणूस घेऊन शहर गाठावे ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात तो जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. घरच्या ऑक्सिमीटरची बाजू इथे भक्कम होते. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो, सुटला की वर येतो. रात्रभराची नोंद कागदावर काढली तर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटते. तासाला तीस-चाळीस वेळा अशी घसरण दिसली तर अनुभवी डॉक्टरला फारशी शंका उरत नाही.

तज्ज्ञांच्या संस्थांचे मात्र यावर एकमत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की घरी करायची बहुमार्गी श्वसननोंद आधी द्या, ती सहज मिळत नसेल तर घरच्या ऑक्सिमेट्रीचा विचार करा. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनला २०१७ च्या तत्त्वांनुसार घरची चाचणी मान्य आहे, पण नाकातली हवा, छाती-पोटाची हालचाल आणि ऑक्सिजन असे सगळे मोजणारी, किंवा तितक्याच तोडीच्या यंत्राने केलेली. नुसता बोटावरचा चिमटा त्यांना पुरत नाही. शिवाय घरची चाचणी निर्दोष आली तरी शंका मिटली असे समजू नका, झोपेच्या प्रयोगशाळेत पाठवा, असेही ते बजावतात. ब्रिटनची भूमिका रांगा लांबलेल्या सरकारी सेवेतून आली असावी. आपल्या जिल्हा रुग्णालयांची अवस्था पाहता तिच्याकडे आपला ओढा जास्त असणे स्वाभाविक आहे. पण अमेरिकी सावधगिरी उगाच नाही, आणि ती का, हे समजून घेतल्याशिवाय चिमटा लावण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट, घरातला कोविडकालीन ऑक्सिमीटर बहुधा या कामाचाच नाही. तो त्या क्षणाचा आकडा दाखवतो, रात्रीची नोंद ठेवत नाही. त्यातून आकडा उशिरा येतो: फुप्फुसातले रक्त बोटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून श्वास थांबलेला असताना पडद्यावर ९६ असू शकतात आणि नवरा पुन्हा घोरू लागल्यावर ८८ दिसतात. पाहणाऱ्या बायकोला वाटते, थांबला तेव्हा तर सगळे ठीक होते. अनेक यंत्रे बऱ्याच सेकंदांची सरासरी दाखवतात, त्यात छोट्या घसरणी बुजून जातात. झोपेच्या तपासणीसाठी रात्रभर साठवणारे आणि तीन सेकंदांहून जास्त सरासरी न काढणारे यंत्र लागते, आणि ते डब्यातल्या यंत्राच्या किमतीत मिळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ऑक्सिमीटरला ऑक्सिजन दिसतो, झोप दिसत नाही. माणूस अर्धी रात्र तळमळत जागा राहिला तरी यंत्र सगळे तास मोजते आणि ताशी सरासरी खाली आणून ठेवते. सडपातळ, निरोगी फुप्फुसांच्या व्यक्तीचा श्वास अडला तरी ऑक्सिजन फारसा घसरण्याआधीच मेंदू तिला जागे करतो. रेघ सपाट, आणि दिवसभर डोळ्यांवर झापड. उलट दीर्घकाळच्या फुप्फुसविकारात किंवा हृदय कमजोर असताना ऑक्सिजन दुसऱ्याच कारणाने खाली येतो आणि खापर झोपेवर फुटते. ‘नाइस’ही या रुग्णांबाबत खबरदारी सांगते. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांची फुप्फुसे आठवली तर ही खबरदारी आपल्याकडे किती महत्त्वाची आहे हे कळते.

त्वचेच्या रंगाचा प्रश्नही आहे. २०२० च्या डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघाले. सावळ्या त्वचेच्या देशात हे विसरून चालणार नाही. अर्थात अ‍ॅप्नियाच्या शोधात नेमक्या आकड्यापेक्षा चढउतार महत्त्वाचे असतात, त्यामुळे हा दोष इथे कोविडच्या वेळेइतका घातक ठरू नये, असे आम्हाला वाटते. नखांवरची गडद नेलपॉलिश मात्र काढूनच चिमटा लावावा.

या सगळ्याचा तोल आमच्या मते एका बाजूला झुकतो. रात्रीची रेघ वाईट आली तर ती गंभीरपणे घ्यावी. चांगली आली आणि घोरणे, दिवसा पेंगणे, सकाळची डोकेदुखी, न आटोपणारा रक्तदाब यांतले काही असेल तर त्या चांगल्या रेघेला फारशी किंमत देऊ नये. दोन्ही निकालांना सारखे वजन देणे हीच नेहमीची चूक. ‘ऑक्सिजन बरोबर आला, काही नाही’ म्हणून डॉक्टरकडे जाणे टाळणारा माणूस चाचणी न केलेल्यापेक्षा जास्त अडचणीत असतो, कारण आता त्याच्या हाती पुरावाही आहे. आणि वाईट रेघेच्या जोरावर झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र परस्पर ऑनलाइन मागवणे हाही उपाय नव्हे. हवेचा दाब किती, मास्क कोणता, मुळात आजार तोच आहे का, हे ठरवायला डॉक्टर लागतो.

उलट बाजूने डॉक्टरांनाही एक सांगणे आहे. घरून छापून आणलेली रेघ पाहून ‘हे सगळे इंटरनेटचे उद्योग’ म्हणत ती बाजूला सारू नये. नवरा घोरतो हे सांगायला बायको असते. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो, तेव्हा त्यांच्या घोरण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येणारा नवरा विरळाच. एकटी राहणारी विधवा आई, मुले पुण्यात किंवा परदेशात: तिच्या रात्रीला साक्षीदार म्हणून फार तर ते यंत्रच आहे. तिने ती रेघ आणली असेल तर प्रश्नावली भरून घ्यावी, मानेचा घेर मोजावा आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत घरच्या प्रयोगाला थारा नको. टॉन्सिल्समुळे घोरणारे मूल थेट बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे.

सरकारकडून अपेक्षा मोठी नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नोंद ठेवणारी दहा-बारा यंत्रे असावीत, वाचनालयातल्या पुस्तकांसारखी दोन रात्रींसाठी घरी नेता येतील अशी. ती रेघ वाचणारा एक प्रशिक्षित डॉक्टर असावा. आणि संशय पक्का झाला तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण तपासणीची तारीख त्याच भेटीत मिळावी. सुरुवात एसटीच्या आणि मालवाहतुकीच्या चालकांपासून करता येईल. त्यांची ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी तशीही होते, त्यात घोरण्याचा एक प्रश्न वाढवायला वेगळे अंदाजपत्रक लागत नाही.