पॉल मॅकग्राचा बाप

परवा भाचीने घरच्या ग्रुपवर तिच्या मुलाचा फोटो टाकला. भाची डब्लिनला असते. जावई तिथेच जन्मलेला आणि वाढलेला, त्याचे आईवडील नायजेरियातून आलेले. पोरगं तीन वर्षांचं, केस कुरळे, डोळे थेट आमच्या ताईचे. फोटोखाली धडाधड बदाम पडले आणि मग धाकट्या मावशीने लिहिलं, "अगं, हा तर फुटबॉलपटू होणार बघ! काय पाय आहेत!"

मावशी मनाने अगदी सरळ. भाचीने हसरा चेहरा टाकला, मीही अंगठा दाखवून मोकळा झालो. पण रात्री ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. डब्लिन, नायजेरिया आणि फुटबॉल हे तीन शब्द एकत्र आले की मला एकच माणूस आठवतो, पॉल मॅकग्रा. (आपल्याकडे मॅकग्रा म्हटलं की ग्लेन. हा तो नव्हे. याने आयुष्यभर चेंडू डोक्याने आणि पायाने परतवले.)

पॉलचा जन्म १९५९ च्या डिसेंबरात लंडनमधला. आई आयरिश, बाप नायजेरियन. बाप जन्माआधीच निघून गेलेला. त्या काळच्या कॅथलिक आयर्लंडमध्ये लग्नाशिवाय मूल म्हणजे घराची अब्रू गेली, आणि त्यातून ते मूल काळं. आई वडिलांच्या धाकाने गुपचूप लंडनला जाऊन बाळंत झाली. काही आठवड्यांचं बाळ दुसऱ्यांच्या हाती गेलं. पुढचं बरंचसं बालपण डब्लिनच्या अनाथाश्रमांमध्ये. रंगावरून काय काय ऐकावं लागलं ते त्याने २००६ साली आलेल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. ते पुस्तक एका बैठकीत वाचवत नाही.

मोठा झाल्यावर पत्र्याच्या कामावर उमेदवारी केली, सिक्युरिटी गार्डची नोकरी केली. १९८१ मध्ये डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स अॅथलेटिककडून व्यावसायिक खेळायला लागला आणि वर्षभरात मँचेस्टर युनायटेडने त्याला उचललं. १९८५ चा एफए कप जिंकणाऱ्या संघात तो होता. पण दारू तेव्हाच लागली होती, आणि गुडघे गेलेले. त्या गुडघ्यांवर पुढेमागे आठ ऑपरेशनं झाली. अॅलेक्स फर्ग्युसन आल्यावर त्यांना क्लबातलं पिणं मोडून काढायचं होतं. युनायटेडने त्याला पैसे घेऊन निवृत्त व्हायला सुचवलं, त्याने नाही म्हटलं, आणि १९८९ मध्ये सुमारे चार लाख पौंडांत तो अॅस्टन व्हिलाकडे गेला.

खरी गंमत इथून पुढे. लोक ज्याला संपलेला समजत होते, तो त्यानंतर सात वर्षं व्हिलाकडून खेळला. सराव जवळजवळ नाहीच. बाकीचे मैदानाला फेऱ्या मारत असताना हा आत व्यायामाच्या सायकलवर, आणि शनिवारी थेट सामन्याला. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या सगळ्या व्यावसायिक खेळाडूंनी मतं देऊन त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. व्हिलाचे लोक त्याला चक्क 'गॉड' म्हणत.

कसा खेळायचा हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो. बहुतेक बचावपटू चेंडूच्या मागे धावतात. मॅकग्रा धावताना फारसा दिसतच नाही. पास निघायच्या आधीच तो तो कुठे पडणार तिथे जाऊन उभा असतो, उशिरा येणाऱ्या पाहुण्याची वाट बघत दारात उभं राहावं तसा. यूट्यूबवर १८ जून १९९४ चा सामना शोधा. अमेरिकेतला वर्ल्ड कप, न्यू जर्सीचं जायंट्स स्टेडियम, आयर्लंड विरुद्ध इटली. अकराव्या मिनिटाला रे हाउटनने गोल केला आणि उरलेले एकोणऐंशी मिनिटं रॉबर्टो बॅजिओच्या इटलीला थोपवून धरायचं होतं. मॅकग्रा चौतिशीचा, गुडघे तसे, डावा खांदा दुखणारा. एकही गोल झाला नाही. इटली पुढे फायनलला गेली.

त्या दिवशीची आयरिश बचावफळी बघा. अर्विन, बॅब, मॅकग्रा, फीलन. चौघांपैकी तिघे मिश्र वंशाचे. (यातला टेरी फीलन पुढे आपल्याकडे केरळ ब्लास्टर्सला आला, २०१५ मध्ये काही काळ त्याने तो संघ सांभाळलाही.) जॅक चार्लटनचा तो संघच तसा होता. आजी आयरिश, आजोबा आयरिश, असं शोधून शोधून इंग्लंड-स्कॉटलंडात जन्मलेली मुलं जमवलेली. हाउटन स्वतः ग्लासगोचा. त्या गर्दीत अस्सल डब्लिनी बोली बोलणाऱ्या थोडक्या जणांपैकी एक म्हणजे मॅकग्रा. आणि 'तू मूळचा कुठला रे?' हा प्रश्न लहानपणापासून झेलणाराही तोच.

आता तो किस्सा. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंड पहिल्यांदाच खेळलं आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं. १ जुलैला संघ घरी परतला, अख्खं डब्लिन रस्त्यावर. नेमके त्याच दिवशी नेल्सन मंडेला शहराने दिलेला सन्मान स्वीकारायला डब्लिनला आलेले. सांगतात की मंडेलांना बघून गर्दीने मॅकग्राच्या नावाची नेहमीची आरोळी थोडी बदलून दिली, हा बघा पॉल मॅकग्राचा बाप!

आयरिश माणूस हा किस्सा डोळ्यात पाणी येईपर्यंत हसत सांगतो. जावयाकडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही हसलो. विनोद आहेच भारी आणि त्यात प्रेमही आहे. पण ज्याने आपला बाप कधी पाहिला नाही, त्याच्यासाठी गर्दीने एक बाप शोधून काढला, आणि शोधला कशावरून? रंगावरून. दुसरी काही खूण त्यांच्याकडे नव्हती.

मॅकग्राची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगतात की बघा, अनाथ काळा पोरगा, पण देशाने शेवटी त्याला डोक्यावर घेतलं, खेळाने सगळे भेद पुसले. मला हे पटत नाही. डोक्यावर घेतलं हे खरं, पण त्यासाठी त्याला ८३ आंतरराष्ट्रीय सामने खेळावे लागले, मोडक्या गुडघ्यांवर. त्याच अनाथाश्रमात त्याच्यासारखंच एखादं पोर असेल, ज्याला चेंडू धड मारता येत नसेल, जे पुढे बस चालवत असेल. त्याचं काय? त्याच्या नावाने कोण आरोळ्या देणार? २००४ मध्ये आयर्लंडने सार्वमत घेतलं. परक्या आईबापांच्या मुलाला आयर्लंडमध्ये जन्मला म्हणून आपोआप नागरिकत्व नको, असं सुमारे ७९ टक्के लोकांनी सांगितलं. मत देणाऱ्यांची कारणं वेगवेगळी असतील, मी त्या सगळ्यांना एका रांगेत उभं करत नाही. पण त्यांत १९९० ला रस्त्यावर नाचलेले कितीतरी असणार. आमचा जावई त्याआधी जन्मला म्हणून सुटला. हे तो मंडेलांच्या किश्शाइतकंच हसत सांगतो.

तर मावशी, रागावू नकोस. तू कौतुकानेच म्हणालीस. पण आपल्या घरातल्या बाकीच्या नातवंडांचे फोटो आले तेव्हा आपण काय म्हणालो होतो आठव. 'आजोबांवर गेलाय', 'नाक अगदी आईचं', 'खट्याळ दिसतोय'. कुणीही त्यांच्या पायांकडे बघून पोटापाण्याचा धंदा ठरवला नव्हता. याचे डोळे ताईचे आहेत हे मला दिसलं, आणि तरी मी लिहिलं नाही, नुसता अंगठा टाकला. तेव्हा यात मीही आलोच.

काल भाचीशी बोललो. पोराला बॉलचं काहीएक पडलेलं नाही म्हणाली. मोठ्या हौसेने आणलेला बॉल सोफ्याखाली धूळ खातोय. सध्या कचऱ्याच्या गाडीचं वेड आहे. दर मंगळवारी सकाळी साहेब खिडकीत उभे असतात, आणि गाडी यायला पाच मिनिटं उशीर झाला की रडून घर डोक्यावर घेतात.